लेकीचं जुनं सिम

माझ्या लेकीचा बायोडाटा अजून फिरतोय. काल दुपारी एका गिऱ्हाइकाला पितळी तांब्या दाखवत होतो, तेवढ्यात गल्ल्याशेजारी ठेवलेला बटणाचा छोटा फोन वाजला. उचलला. पलीकडून एक पुरुष हळू, गोड आवाजात म्हणाला, "हॅलो, ओळखलं का?"

मी म्हणालो, "तिचा बाप बोलतोय."

फोन कट. बहुतेक जण माझं नुसतं "हॅलो" ऐकूनच कट करतात. काही जण घाईत आधी बोलून जातात आणि मग माझा आवाज ऐकून फोन ठेवतात. ते काय बोलतात हे मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर तेही फिरेल.

सिरसाळ्यात माझं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत रुखवताची भांडी, एरवी कुकरच्या शिट्ट्या आणि डबे. त्या बटणाच्या फोनमधलं सिम लेकीचं आहे. अकरावीला ती लातूरला शिकायला निघाली तेव्हा मीच घेऊन दिलेलं, माझ्या आधार कार्डावर, माझ्या नावानं. ती शिकली, पुढं संभाजीनगरला औषधांच्या कंपनीत तपासणीच्या खात्यात लागली, आणि एवढी वर्षं तोच नंबर तिचा होता. आता तो माझ्याकडं आहे आणि तिचा नवा नंबर माझ्याकडं नाही.

हे कसं झालं ते सांगतो. सांगताना माझा राग अनावर होतो, आणि तो नेमका कुणावर काढावा हे मला अजून नीट जमलेलं नाही.

फोनच्या बाबतीत सावध माणूस म्हणून मला बाजारात मान आहे. कुणाला लॉटरी लागल्याचा मेसेज आला, कुणाला 'तुमचं खातं बंद होणार' असा फोन आला, की लोक माझ्या दुकानाच्या पायरीवर येतात. "आप्पा, बघा बरं हे काय हाय." मी चष्मा लावून बघतो आणि झापतो. "लिंक दाबली का बे? कावून दाबली? ओटीपी म्हंजे घराची किल्ली हाय. कुणाला द्यायची नसती." दुकानात पैसे जमा झाल्याचं मशीन बोलल्याशिवाय मी पिशवी हातात देत नाही, मग समोर सख्खा भाऊ का असेना. माझ्या फोनला कुलूप, आतल्या ॲपला वेगळं कुलूप. असा मी.

आणि अशा मीच माझ्या लेकीची सगळी माहिती एका पानावर छापून चारशे-पाचशे अनोळखी माणसांच्या हातात दिली.

आमच्या समाजाचे स्थळांचे ग्रुप आहेत. बीडचा वेगळा, परळी-अंबाजोगाईचा वेगळा, लातूर-नांदेडचा वेगळा, मग पुण्यात गेलेल्यांचा आणखी एक. सकाळी उठावं तर देवांच्या फोटोंवर सुविचार, त्याखाली गुलाबाची फुलं, त्याखाली कुणाच्या तरी पोरीचा बायोडाटा, त्याखाली पुन्हा सुविचार. 'मुलगी वाचवा' असं पाठवणारा माणूसच त्याखाली विचारतो, 'मुलगी रंगाने कशी आहे?' हे मी रोज बघत होतो आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पूर्वी चार नातेवाईक घरी यायचे, तोंडी सांगायचे. आता फोनवर येतंय, एवढाच फरक आहे, असं मला वाटायचं. फरक एवढाच नाही. नातेवाईक उठून घरी जायचा. हे कागद उठून जातच नाहीत.

लेकीचा बायोडाटा माझ्या साडूनं करून दिला. फोनमध्ये तयार नमुने असतात. वर महादेवाची पिंड, कडेनं वेल, मध्ये माहिती. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, उंची, शिक्षण, नोकरी, पगार, मामाकुळ, आमचं घर, दुकान, पत्ता. ग्रुपचा नियमच होता, अर्धवट बायोडाटा चालणार नाही. फोटो चुलत भावाच्या लग्नातला, मोरपंखी साडीतला. त्यात ती खळखळून हसत होती, कारण तिची मावशी कॅमेऱ्याच्या मागून काहीतरी बोलली होती. ते हसू आमच्या घरातलं होतं.

साडू म्हणाला, "नंबर तुमचा टाकू का तिचा?"

मी म्हणालो, "माझा टाक."

"दोन्ही टाका की. आजकाल पोरं-पोरी आधी आपसांत बोलत्यात. तुमी लई जुन्या वळणाचे, आप्पा."

मला जुन्या वळणाचं म्हटलेलं लागलं. दोन्ही नंबर टाकले. लेकीला विचारलं नाही. ती हो म्हणणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. यात दुसरं काही कारण शोधायला गेलं तर ते खोटं ठरेल.

अनोळखी माणसांचे फोन यायला लागले तेव्हा तिला कळलं. तिनं चिडून विचारलं तेव्हा मी म्हणालो, "स्थळं यायला लागली म्हंल्यावर फोन येणारच. अनोळखी नंबर उचलू नको." ती म्हणाली, "पप्पा, कामावर असताना येत्यात. नको ते बोलत्यात." मी म्हणालो, "ब्लॉक करायचं." जणू मी तिला छत्री दिली. एकाला ब्लॉक केलं की दुसरा. आणि ग्रुपवरून तो बायोडाटा काढायला सांगावं हे मला सुचलंसुद्धा नाही, कारण माझ्या मनात स्थळ शोधणं अजून चालू होतं.

मग एका रविवारी दुपारी घरासमोर एक जीप थांबली. वडवणीकडचे लोक. आई, वडील, मुलगा, मुलाचे मामा. हातात पेढ्यांचा बॉक्स, नारळ, ब्लाऊजपीस. मुलगा नीटस, शेती करणारा, शर्टाची घडी अजून मोडलेली नव्हती. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. त्यांना मात्र आमच्या घराचा पत्ता, माझं दुकान, बायकोचं माहेर, सगळं माहीत होतं. बायकोनं गडबडीत पोहे टाकले. स्थळ आलंय, कुणीतरी ग्रुपवरून पाठवलंय, असं आम्हाला वाटलं.

मुलाचे वडील बसले आणि थेट म्हणाले, "मंग आप्पा, पोरांनी तर ठरवलंच हाय. आपुन नुसतं तारखेचं बोलू."

मी म्हणालो, "काय ठरवलं?"

"आता तुमी असं म्हंता व्हय? तुमची पोरगी दिवाळीपासून आमच्या पोराशी बोलती. तुमाला ठावं न्हाई?"

मामांनी हसून वातावरण सांभाळायचा प्रयत्न केला. "आप्पांना सगळं ठावं हाय, गंमत करतेत. पोरीचा बाप थोडा नखरा करणारच."

मुलानं मान खाली घालून फोन माझ्याकडं दिला. फोटो टाकायच्या त्या ॲपवर माझ्या लेकीच्या नावाचं खातं. गोल चौकटीत मोरपंखी साडीतलं तेच हसू. खाली मेसेज, कितीतरी. मी वर-खाली सरकवत राहिलो. 'जेवलात का?' 'आज मोसंबीला पाणी दिलं का?' 'माझा जन्म परळीचा, पहाटेचा, म्हणून मी अशी हट्टी.' 'माझे मामा गंगाखेडचे, ते कडक आहेत, एवढ्यात घरी बोलू नका.' मध्येच, 'रिचार्ज संपलाय, मारता का?'

परळीचा जन्म. पहाटेची वेळ. गंगाखेडचं मामाकुळ. हे मी पुन्हा एकदा वाचलं. मला वाटलं, हे बाहेरच्याला कसं कळेल? हे घरातलं आहे. हे तिलाच माहीत असणार.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "अहो, आधी आतमधी या. तिला नुसतं फोन करून इचारा." मी आत गेलो नाही. चार परक्या माणसांसमोर माझी मान खाली गेली होती आणि मला ती तिथंच, त्यांच्यासमोरच वर करायची होती. मी लेकीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवला.

"तू वडवणीच्या पोराशी बोलतीस का?"

"कोण वडवणी? पप्पा, मी कामावर हाय. आज ज्यादा पाळी हाय."

"खरं सांग. लोक घरी आलेत. मेसेज दाखवायलेत. तुझ्या जन्माची वेळ माहीत हाय त्यांना, मामा माहीत हायेत. तू नसशील तर कुणी सांगितलं हे?"

 मागं यंत्रांचा आवाज येत होता.

"पप्पा, फोन स्पीकरवर हाय का?"

"हो."

"सगळ्यांसमोर इचारताय?"

मी स्पीकर बंद केला नाही.

"मग सगळ्यांना ऐकू द्या. माझी जन्मवेळ मलाच पाठ न्हाई. मी ती पहिल्यांदा तुमच्या बायोडाट्यात वाचली. मामाचं गाव, पहाट, परळी, समदं तुमीच छापलंय. तुमीच सांगितलंय लोकांना. आन् मला इचारताय, कुणी सांगितलं?"

फोन तिनं ठेवला. ताटलीतल्या पोह्यांची वाफ बसली होती.

मुलाच्या मामांनी मुलाला विचारलं, "आवाज तरी ऐकला व्हतास का रे कधी?"

"घरचे असत्यात म्हणायची. बोलता येत न्हाई म्हणायची." तो फोनकडं बघत होता. मग माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "मंग आप्पा, मी कुणाशी बोलत व्हतो?"

त्या पोराचा मला राग आला नाही. शेती करणाऱ्या पोराला मुली मिळत नाहीत, त्याला दिवाळीपासून कुणीतरी 'जेवलात का' विचारत होतं. तेवढ्यावर तो जीप घेऊन आला. वडील मात्र जाताना बोलून गेले. "पोरीचा फोटू असा बाजारात सोडायचा आन् मंग लोकांनी हात लावला म्हणून बोंबलायचं. तुमी शिकलेले लोक लई हुशार, बरं का आप्पा." मुलाची आई पेढ्यांचा बॉक्स उचलायला वळली, मग तसाच ठेवून गेली.  उलट बोलण्यात काही अर्थ नव्हता, कारण ते अर्धं खरं बोलले होते. बाजारात मीच सोडला होता. पण हात लावणाऱ्याचा हातही हातच असतो ना? त्याला कुणीच काही म्हणत नाही. ते खातं चालवणारा कुठल्या गावात, कुठल्या खोलीत बसून माझ्या लेकीच्या नावानं 'पाणी दिलं का' विचारत होता, हे मला आजही माहीत नाही. तक्रार दिली. ते खातं बंद झालं. तेच हसू पुढं दुसऱ्या एका नावाखाली दिसलं.

लेक घरी आली नाही. फोन उचलायची, पण आईचाच. मग एकदा आईकरवी निरोप आला की ती मैत्रिणीच्या लग्नाला अंबाजोगाईला निघाली आहे, मांजरसुंब्याला थांबेल, पप्पांनी तिथं यावं. घरी यायचं नाही, हे त्यातच आलं.

बस बदलत मी मांजरसुंब्याला पोचलो. रस्त्याकडेच्या एका ढाब्यावर ती मैत्रिणींपासून वेगळी, एकटी बसली होती. ट्रक थांबत होते, सुटत होते. तिनं मला चहा सांगितला, स्वतःला सांगितला नाही. मग पर्समधून गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात ठेवलेलं सिम काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"बँक, पीएफ, नोकरी, समदीकडं नवा नंबर दिला. लई फिरले त्याच्यासाठी. हे घ्या. तसंही तुमच्याच नावावर हाय."

"बंद करून टाकू?"

"नका करू. चालू ठेवा. तुमीच उचला आता."

मी चहा पीत राहिलो. बोलायचं खूप होतं. "चुकलं माझं," एवढं म्हणालो.

"काय चुकलं?"

"बायोडाटा टाकायला नको होता."

"ते तर हायच, पप्पा." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं ते ऐकणं जास्त अवघड होतं. "त्यानं माझं काय झालं ते मी निस्तरलं. पण तुमी माझ्यावर इश्वास ठेवला न्हाई. एका अनोळखी फोनमधल्या मेसेजवर ठेवला. ते पण लोकांसमोर. लोकांना तुमी शिकवता, खात्री केल्याबिगर मानू नका म्हणून. माझी खात्री करायला तुमाला आत खोलीत जाता आलं न्हाई?"

मी विचारलं, तुझा नवा नंबर?

"नवं सिम माझ्या आधारवर हाय. माझ्या नावावरचा हा पहिलाच नंबर." ती उठली. "जिथं जिथं बायोडाटा टाकला, तिथं तिथं लिहा. तुमच्या नावानं. मला न इचारता टाकला म्हणून. आन् त्या रविवारी काय इचारलं तेबी लिहा. मंग नंबराचं बघू."

मैत्रिणींची गाडी तिला घेऊन निघून गेली. मी परतीच्या बसमध्ये ते सिम मुठीत धरून बसलो होतो.

बायोडाटा काढून टाका म्हणून ग्रुपच्या प्रमुखाला मी फोन केला. निवृत्त माणूस, समाजात वजन. म्हणाले, "आप्पा, जुनं निघत न्हाई. लोकांच्या फोनमधी गेलं ते गेलं." असेल खरं. मी म्हणालो, निदान एवढी ओळ टाका की हा बायोडाटा कुणी पुढं पाठवू नये. "बघतो," म्हणाले. टाकली नाही. रोज सकाळचे देव मात्र वेळेवर येत राहिले.

मग मी स्वतः लिहिलं. लिहायला मला वेळ लागला, कारण प्रत्येक वेळी मी स्वतःला वाचवणारं एक वाक्य मध्ये घालत होतो. 'आजकालच्या काळात फसवणूक वाढली आहे' वगैरे. मग ते खोडायचो. शेवटी एवढंच राहिलं: माझ्या मुलीचा बायोडाटा मी तिला न विचारता इथं टाकला. त्यातली माहिती घेऊन कुणीतरी तिच्या नावानं खोटं खातं काढलं. लोक घरी आले तेव्हा मी तिच्यावरच संशय घेतला, सगळ्यांसमोर. माझं चुकलं. तो बायोडाटा ज्यांच्याकडं आहे त्यांनी खोडून टाकावा.

सगळ्या ग्रुपांवर टाकलं. हात जोडलेली चित्रं आली. एकानं लिहिलं, 'खूप छान विचार.' एकानं गुलाब पाठवला. एकानं विचारलं, 'मुलीची उंची किती? बायोडाटा पाठवा.' परभणीच्या कुणीतरी विचारलं, 'स्थळ अजून खुलं आहे का?'

आणि थोड्या वेळात मोठ्या ग्रुपवरून माझा मेसेज नाहीसा झाला. त्या जागी 'ॲडमिनने हटवला' असं राहिलं. पाठोपाठ प्रमुखांचा फोन. "आप्पा, असलं ग्रुपवर टाकत नसत्यात. समाजाचं नाव खराब होतं. इथं फक्त स्थळं टाकायची असं ठरलंय."

दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी मी ओरडलो. "माझ्या लेकीचा फोटो तुमच्याकडून निघाला न्हाई. एक ओळ टाकायला तुमचा हात उठला न्हाई. हे बरं लगेच काढता आलं!"

"आप्पा, तुमी तापलेत. नंतर बोलू."

मी ते पुन्हा टाकलं. त्यांनी पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा टाकायच्या आत त्यांनी मलाच ग्रुपातून काढलं. लेकीचा बायोडाटा आत राहिला, मी बाहेर. बाकीच्या ग्रुपांवर माझा मेसेज अजून आहे. साडूनं फोन करून सांगितलं, "तुमी उगाच इज्जत घालवली." मी म्हणालो, "आधी तिची घालवली व्हती, तवा तू संगं व्हतास."

त्या आठवड्यात लेकीचा आईला फोन आला. बायको मागच्या ओसरीत शेंगा फोडत बसली होती, तिनं हात पुसून स्पीकर लावला, आणि माझ्याकडं बघून लगेच बंद केला. मग फोनला कान लावून म्हणाली, "हो, टाकलं त्यांनी. समदीकडं टाकलं. ग्रुपातून काढलं त्यांना." थोडं ऐकलं. "कुणी उंची किती म्हणून इचारलं का म्हंतीस? इचारलं एकानं!"

पलीकडून हसू आलं. लांबून, फोनच्या कडेनं, मला ऐकू आलं. मोरपंखी साडीतलं हसू नव्हतं ते. कडू होतं, छोटं होतं. तरी मी शेंगांचं टोपलं हातात घेऊन तिथंच उभा राहिलो. बायकोनं फोन माझ्याकडं दिला नाही आणि मी मागितला नाही.

आता बायकोचा फोन देवघराशेजारच्या फळीवर असतो. त्याचं कुलूप उघडायची रेघ साधी आहे, खाली आणि उजवीकडं, घरातल्या सगळ्यांना माहीत. आत लेकीचा नवा नंबर आहे. रोज येता-जाता मला तो फोन दिसतो. मी त्याला हात लावत नाही. तिनं दिला तर घेईन.

तोवर हा बटणाचा फोन वाजतो. आज सकाळी वाजला तेव्हा दुकानात नुकतंच लग्न ठरलेल्या एका पोरीचे वडील बसले होते, हंडे बघत. मी 'हॅलो' न म्हणता उचलला. "हॅलो, फोटो पाहिला तुमचा..." पलीकडचा बोलत राहिला, माझा श्वास ऐकत. मी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणालो, "नाव सांग तुझं. गाव सांग. जन्मवेळ सांग. मामाकुळ सांग."

फोन कट झाला. समोरचे वडील हंडा खाली ठेवून माझ्याकडं बघत होते. मी त्यांना विचारलं, "तुमच्या पोरीचा बायोडाटा फिरतोय का कुठं? तिला इचारलं व्हतं का?"